चौकशीला जाण्याआधी: कोणत्या कागदावर बोलावले आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरला आहे. तांब्याच्या वायरचा स्टॉक कमी भरला, कंपनीने पोलिसांत तक्रार दिली. हवालदाराचा फोन आला म्हणून भाऊ दोनदा ठाण्यात जाऊन आला. दुसऱ्या वेळी सकाळपासून रात्री आठपर्यंत बसवून ठेवले, मोबाइल ठेवून घेतला, पावती दिली नाही. आता परत बोलावले आहे. जावे का, विचारतील त्याचे उत्तर द्यावेच लागते का, वकील आत बसू शकतो का, आणि मोबाइलचे काय?

जायचे. न जाणे हा सगळ्यांत महागात पडणारा मार्ग आहे. पण जाण्याआधी भावाला कोणत्या नात्याने बोलावले आहे हे कागदावर आणून घ्या, कारण पुढचे सगळे हक्क त्यावर ठरतात.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात अजूनही जुन्या कलमावरून ‘एक्केचाळीस-अ ची नोटीस’ म्हणतात. तीच आता कलम ३५(३) ची नोटीस. साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. संशयित म्हणून, पण अटक न करता बोलवायचे असेल तर ३५(३) ची नोटीस. तिसरा प्रकार कायद्यात नाही, ठाण्यात मात्र रोज दिसतो: ‘साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा.’ तुमच्या भावाला दोनदा बोलावले ते याच प्रकारात.

तोंडी फोनला नोटिशीचे बळ नाही. तरीही फोन करणाऱ्या अंमलदाराशी हुज्जत घालू नका. त्याच नंबरवर लेखी मेसेज टाका: ‘मी तपासाला सहकार्य करायला तयार आहे. गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे आणि हजर राहण्याची तारीख-वेळ असलेली लेखी नोटीस द्यावी, मी हजर राहीन.’ पुढे कुणी ‘आरोपी तपासाला सहकार्य करत नाही’ असे लिहिले तर हा मेसेज कामाला येतो. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात बजावले आहे. तरी ती व्हॉट्सॲपवर येतेच. ‘रीतसर बजावली नाही म्हणून गेलो नाही’ हा बचाव कागदावर देखणा दिसतो, पण तो मांडायला आधी अटक होऊन कोर्टासमोर उभे राहावे लागते. जा आणि तिथेच हार्ड कॉपी मागा.

नोटिशीवर गु.र.नं., कलमे, तपासी अंमलदाराचे नाव व हुद्दा, जावक क्रमांक, तारीख आणि वेळ आहे का बघा. गु.र.नं. च नसेल तर बहुधा गुन्हा दाखल नाही, नुसती अर्ज चौकशी चालू आहे. हा फरक मोठा आहे, पुढे सहीच्या मुद्द्यात येतो. गुन्हा दाखल असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून एफआयआर उतरवून घ्या. संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. एफआयआरमध्ये भावाचे नाव आहे की ‘अज्ञात इसम’ लिहिले आहे, ते आधी वाचा.

नोकराने केलेली चोरी हे भारतीय न्याय संहितेचे (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम ३०६, आणि नोकराने केलेला विश्वासघात हे ३१६(४). दोन्हींना कमाल सात वर्षे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे याची कारणे अधिकाऱ्याने लेखी नोंदवावी लागतात, नाहीतर नोटीस द्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्णेश कुमार निकालापासून, म्हणजे २०१४ पासून, हा नियम पक्का आहे. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर वेगळी कारणे लिहावी लागतात. म्हणून प्रत्येक हजेरीचा पुरावा तुमच्याकडे असला पाहिजे. साधा अर्ज दोन प्रतींत न्या: ‘आज दि. … रोजी … वाजता नोटिशीप्रमाणे हजर झालो, … वाजेपर्यंत हजर होतो.’ एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का आणि पोच घ्या. ठाणे अंमलदार पोच द्यायला नाही म्हणाला तर तोच मजकूर त्याच दिवशी ठाण्याच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा. निघताना ‘माझ्या हजेरीची स्टेशन डायरीला नोंद घ्या’ एवढे शांतपणे सांगा. ठाण्यात हक्कांवर भाषण देऊन काही निघत नाही. वेळ टाकलेला कागद पुढे कोर्टात बोलतो.

आता बोलण्याचे. नाव, पत्ता, नोकरी, कामाची पाळी हे सांगायचेच. साक्षीदाराने प्रश्नांची खरी उत्तरे देणे बंधनकारक आहे, पण ज्या उत्तराने तो स्वतः गुन्ह्यात अडकू शकेल ते देण्याचे बंधन नाही. कलम १८०(२) तसे स्पष्ट म्हणते. आरोपीला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण आहे (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही), आणि ते पोलीस चौकशीतही लागू आहे हे नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ मध्येच ठरले. म्हणून ‘मी काहीच बोलणार नाही’ असा पवित्रा घेण्याची गरज नाही. नेमक्या त्या प्रश्नाला ‘याचे उत्तर वकिलांशी बोलून देतो’ म्हणता येते. खोटे मात्र सांगू नका. गप्प राहिल्याने केस बनत नाही, खोट्याने बनते.

स्टोअरच्या माणसाची एक खास अडचण असते. त्याला आकडे विचारतात: मार्चअखेर किती कॉइल होत्या, अमुक तारखेला किती इश्यू झाल्या. तो अंदाजाने सांगतो. रजिस्टर निघाले की आकडा जुळत नाही आणि ती ‘विसंगती’ होते. उत्तर एकच: इनवर्ड रजिस्टर, इश्यू स्लिप आणि गेटपास बघून सांगेन. हे टाळणे नव्हे, खरे उत्तर हेच आहे. या नोंदींच्या प्रती कंपनीकडून मागवून घ्याव्यात असा लेखी अर्ज तपासी अंमलदाराला द्या. स्टोअरची चावी आणखी कुणाकडे असते, रात्रपाळीला माल कोण देतो, हे त्याच अर्जात आले तर उत्तम.

सहीचा मुद्दा नीट समजून घ्या, सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबाखाली जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते. कलम १८१ ची ती सरळ मनाई आहे. जबाब वाचून मात्र बघा, संगणकावर टाइप होत असेल तर स्क्रीनवर वाचू द्या म्हणा. सही कुठे करायची? नोटिशीच्या पोचेवर, अटकेच्या मेमोवर आणि अंगझडती किंवा जप्ती पंचनाम्याच्या प्रतीच्या पोचेवर. प्रत्येक सहीखाली तारीख आणि वेळ घाला. कोऱ्या कागदावर कधीच नाही, ‘नंतर टाइप करून घेतो’ म्हणाले तरी नाही. अर्ज चौकशीत अजून तपास सुरू झालेला नसतो, त्यामुळे तिथल्या जबाबावर सर्रास सही घेतात. त्या जबाबातली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम २३ खाली पुराव्यात येत नाही, कारण ती पोलिसाला दिलेली आहे. पण कबुली नसलेली, तरीही अडचणीची वाक्ये (‘चावी माझ्याकडेच असते’, ‘त्या दिवशी मी एकटाच होतो’) तुमच्या सहीसकट राहतात. अशा जबाबावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

पोलिसांसमोर दिलेली कबुली बाद, हे आता सगळ्यांना माहीत असते. दोन गोष्टी माहीत नसतात.

पहिली कंपनीतला माफीनामा. पोलिसांत जाण्याआधी एचआर किंवा सिक्युरिटी ऑफिसर केबिनमध्ये बसवून लिहून घेतो: ‘माझ्या हातून चूक झाली, रकमेची भरपाई पगारातून करावी, केस करू नये.’ एचआर पोलीस नाही. त्यामुळे कलम २३ ची ढाल इथे मिळत नाही आणि हा कागद न्यायबाह्य कबुली म्हणून कोर्टात येऊ शकतो. धमकी देऊन किंवा आमिष दाखवून घेतला असे म्हणत कलम २२ खाली झगडता येते, पण ते सिद्ध करण्यात खटल्यातली वर्षे जातात. नोकरी वाचेल म्हणून लिहून दिलेला हा एक कागद ठाण्यातल्या दहा जबाबांपेक्षा घातक असतो. भावाने असे काही लिहून दिले आहे का, हे त्याला आजच विचारा. दिले असेल तर कोणत्या परिस्थितीत, कोण हजर होते, किती वेळ बसवले, हे आठवते तोवर लिहून काढा.

दुसरी मेमोरंडम पंचनामा. कोठडीतल्या आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेला तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या पुरावा कायद्यातले कलम २७, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ चेच परंतुक. ठाण्यात दोन पंच बोलावतात, आरोपी म्हणतो ‘माल मी अमक्या भंगारवाल्याकडे ठेवला आहे, काढून देतो’, तेवढे लिहून पंचांच्या सह्या होतात, मग सरकारी गाडीने सगळे तिथे जातात आणि माल जप्त होतो. ‘मी चोरला’ हे शब्द त्यातून गाळावे लागतात. ‘ठेवला आहे, काढून देतो’ एवढेच उरते. बिघडते ते क्रमात. माल आधीच सापडलेला असतो आणि मेमोरंडम मागाहून लिहिलेला असतो. म्हणून वकिलाने पंचनामा सुरू आणि संपल्याची वेळ, अटकेची वेळ, गाडीचे लॉगबुक आणि पंच नेहमीचेच आहेत का, हे तपासायचे असते. आता झडती-जप्तीचे चित्रीकरणही बंधनकारक आहे (सुरक्षा संहितेचे कलम १०५; इथून पुढची कलमे याच संहितेची). चित्रीकरण नसेल किंवा मधेच तुटलेले असेल तर तोही मुद्दा होतो. नुसत्या नोटिशीवर गेलेल्या माणसाने ‘चला दाखवतो’ म्हणत गाडीत बसू नये.

वकील आत बसू शकतो का? कलम ३८ प्रमाणे अटक केलेल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येते, पण पूर्ण चौकशीभर नाही. प्रत्यक्षात कोर्टाने आदेश दिला तर वकील दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर बसतो. नोटिशीवर हजर होणाऱ्यासाठी कायदा इतके स्पष्ट बोलत नाही, तरी वकिलासोबत ठाण्यात जायला कसलीही मनाई नाही. केबिनबाहेर बसलेल्या वकिलामुळेही आतला सूर बदलतो. वकिलाची फी झेपत नसेल तर सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० ही विधी सेवेची हेल्पलाइन.

मोबाइल. पावती नाही म्हणजे कागदोपत्री जप्ती नाही, आणि हे दोन्ही बाजूंना वाईट आहे. पुढे त्यात काय होते आणि काय नव्हते यावर वाद होतो. उद्याच्या हजेरीच्या अर्जात लिहा: अमुक तारखेला अमुक वाजता अमुक मॉडेलचा, अमुक आयएमईआय नंबरचा मोबाइल सिमसह ठेवून घेतला, जप्ती पंचनाम्याची प्रत द्यावी अथवा मोबाइल परत करावा. आयएमईआय नंबर खोक्यावर किंवा बिलावर मिळेल. जप्त केला असेल तर पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय, चालू की बंद, सीलबंद केला का आणि डेटाची हॅश व्हॅल्यू (डेटा नंतर बदलला नाही हे पडताळायचा आकडा) आहे का ते बघा. परत मिळवण्याचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे कलम ५०३ खाली करायचा (खटला सुरू झाल्यावर ४९७). लॉक उघडून देण्याची सक्ती करता येते का यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळी मते दिली आहेत. पासवर्ड देण्याआधी वकिलाला विचारा. आणि दुसऱ्या फोनवरून किंवा क्लाउडवरून चॅट पुसायला जाऊ नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि पुसल्याची खूण बहुतेक वेळा मागे राहते.

दिवसभर बसवून ठेवण्याबद्दल. अटक दाखवलेली नसली तरी माणसाला उठून जाता येत नसेल तर तो ताब्यातच असतो. २४ तासांचे घड्याळ तिथून सुरू होते, अटकेच्या मेमोवर टाकलेल्या वेळेपासून नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सुभाष शर्मा निकालात हेच मान्य केले. भाऊ आत असेल आणि बाहेर येऊ देत नसतील तर घरच्यांनी ११२ वर फोन करून ठाण्याचे नाव आणि आत गेल्याची वेळ सांगावी. त्या कॉलची नोंद राहते. मग वरिष्ठांना ईमेल. इथे नाशिकचा एक तपशील लोक चुकवतात: सातपूर, अंबड, इंदिरानगर, उपनगर ही ठाणी पोलीस आयुक्तालयाची, म्हणजे तक्रार सहायक आयुक्त, उपायुक्त, आयुक्त अशी चढते. सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी ही ग्रामीण दलाची. तिथे उपविभागीय पोलीस अधिकारी आणि पोलीस अधीक्षक. चुकीच्या साहेबाला गेलेला ईमेल दोन दिवस फिरत बसतो. बेकायदा डांबल्याबद्दल शोध वॉरंटचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे कलम १०० खाली करता येतो, तो हेबियस कॉर्पसपेक्षा (डांबलेल्या माणसाला हजर करा, अशी उच्च न्यायालयातली याचिका) जवळचा आणि स्वस्त मार्ग आहे. हेबियस कॉर्पससाठी मुंबई गाठावी लागते. नाशिक उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखाली येते.

ज्या दिवशी त्याला रात्री आठपर्यंत बसवले त्या दिवसाचे सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावे असा अर्ज लगेच द्या: तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा (प्रवेशद्वार, पॅसेज, अंमलदार कक्ष) लिहून. ठाण्यांतल्या सीसीटीव्हीबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंह सैनी निकालाने २०२० मध्ये १८ महिने, निदान एक वर्ष साठवण सांगितली आहे. तरी ऐन वेळी ‘डीव्हीआर बिघडला होता’ हे उत्तर येते, म्हणून उशीर नको.

अटक झालीच तर तीन गोष्टी बघा. अटकेचा मेमो: त्यावर एक साक्षीदार (घरचा किंवा परिसरातला प्रतिष्ठित माणूस) आणि भावाची सही. अटकेची लेखी कारणे: सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या मिहिर शहा निकालानंतर ती कोणत्याही गुन्ह्यात, आरोपीला समजेल त्या भाषेत आणि कोर्टात हजर करण्याच्या निदान दोन तास आधी द्यायची आहेत. ‘चौकशीकामी अटक आवश्यक’ हे छापील वाक्य म्हणजे कारण नव्हे. याच माणसाला का, ते हवे. आपल्या वसाहतींत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार खूप आहेत, मराठी कागदावर त्यांची सही घेऊन भागत नाही. तिसरी वैद्यकीय तपासणी. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला नेतात तेव्हा पोलीस शेजारीच उभा असतो आणि डॉक्टर ‘काही त्रास?’ विचारतात. मार असेल तर तिथेच, जागा आणि वेळ सांगून बोलायचे. कलम ५३ प्रमाणे डॉक्टरने जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ नोंदवायची असते, आणि अहवालाची प्रत आरोपीला मिळायची असते.

मग मॅजिस्ट्रेट. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न इतक्या पटकन येतो की मान हलते आणि रिमांडच्या (कोठडीच्या) आदेशात ‘तक्रार नाही’ उतरते. एकदा उतरले की नंतरची प्रत्येक तक्रार मागाहून सुचलेली ठरते. वकिलाने कोर्टात पुकारा होण्याआधी भावाला हे सांगून ठेवायला हवे. रिमांड रिपोर्टात ‘मुद्देमाल हस्तगत करणे’, ‘साथीदार निष्पन्न करणे’ ही ठरलेली कारणे असतात. दोनदा हजर राहिलेल्या माणसाकडून आणखी काय हस्तगत करायचे राहिले, हा प्रश्न तिथे विचारायचा. एकूण १५ दिवसांची पोलीस कोठडी आता तुकड्यातुकड्यांनी, अशा गुन्ह्यात पहिल्या ४० दिवसांत मागता येते. म्हणून एकदा न्यायालयीन कोठडी मिळाली म्हणजे पोलीस कोठडी संपली, असे धरून चालू नका.

बाकी नियम झटपट. स्त्रीला साक्षीदार म्हणून तिच्या घराबाहेर बोलावता येत नाही. ६० वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या पुरुषांनाही तेच लागू. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. १८ वर्षांखालच्याला लॉकअपमध्ये ठेवता येतच नाही. नार्को किंवा लाय डिटेक्टर संमतीशिवाय नाही (सर्वोच्च न्यायालयाचा सेल्वी निकाल, २०१०). बोटांचे ठसे आणि अक्षराचे नमुने मात्र कोर्टाच्या आदेशाने द्यावे लागतात.

अटकपूर्व जामिनाची घाई करावी का? नोटीस हातात असेल, हजेऱ्यांच्या पोच असतील आणि माफीनामा वगैरे दिलेला नसेल, तर माझ्या मते थोडे थांबा. अर्ज फेटाळला गेला तर अटकेला उलट बळ मिळते. माफीनामा दिलेला असेल किंवा सहकाऱ्याने नाव घेतले असेल तर सत्र न्यायालयात अर्ज तयारच ठेवा.

आणि मधला कुणी ‘मिटवून टाकू’ म्हणत पैशाचे बोलला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. दबावाखाली दिली असेल तर सुटका आहे, पण दिल्यापासून सात दिवसांच्या आत कळवावे लागते.